मोटरहोममागे ओढायला जुनी होंडा सीआर-व्ही : स्वस्त गाडीचा पूर्ण हिशेब

अमेरिकेत मोटरहोमने, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या वाहनाने, फिरणाऱ्यांना दुसऱ्या, छोट्या गाडीची गरज बहुधा पहिल्याच लांब प्रवासात जाणवते. तीस-पस्तीस फुटी वाहन मुक्कामाच्या जागी उभे करून वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडली, की केवळ दूध-भाजीसाठी ते सारे सोडवून पुन्हा रस्त्यावर काढणे नकोसे होते आणि काही ठिकाणी तर ते नेताच येत नाही. मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात लोगन खिंडीवरून जाणारा गोइंग-टू-द-सन रस्ता पाहण्यासारखा आहे. पण त्याच्या अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या डोंगरी टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला मनाई आहे. त्यामुळे बरेच लोक मोटरहोमच्या मागे एक छोटी गाडी चारही चाकांवर ओढत नेतात. या कामासाठी २०१२ ते २०१४ या वर्षांतली वापरलेली होंडा सीआर-व्ही कशी ठरते, तिला पर्याय कोणते आणि तिची खरी किंमत किती पडते, हे या परीक्षणात पाहायचे आहे.

मुळात कोणतीही गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ओढता येते, हा समज सोडून द्यायला हवा. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी शेकडो मैल ओढली, तर चाकांमुळे गिअरबॉक्सचे आतले भाग फिरत राहतात, पण त्यांना तेल मिळत नाही आणि काही तासांतच हजारो डॉलरचे नुकसान होऊ शकते. इथल्या मराठी घरांच्या दारात हमखास दिसणाऱ्या टोयोटा कॅमरीच्या मालकपुस्तिकेत, ही गाडी चारही चाके जमिनीवर ठेवून मोटरहोममागे ओढण्यासाठी बनवलेली नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. टेस्लाच्या विजेवरच्या गाड्याही अशा ओढता येत नाहीत. तेव्हा विक्रेता काय सांगतो याला महत्त्व नाही. ज्या वर्षाची आणि ज्या गिअरबॉक्सची गाडी घ्यायची, त्याच गाडीची पुस्तिका उघडून मोटरहोममागे ओढण्याविषयीचा परिच्छेद स्वतः वाचावा, आणि परवानगी स्पष्ट शब्दांत नसेल तर ती नाही असेच समजावे.

सीआर-व्ही या कसोटीला उतरते, याचे कारण तिच्या रचनेत आहे. होंडाचे त्या काळातले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतरांसारखे ग्रहमालिका पद्धतीचे (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाके फिरणारे) नसून समांतर दांड्यांवर बसवलेल्या दातेरी चाकांचे आहेत. म्हणजे त्यांची घडण मॅन्युअल गिअरबॉक्सच्या बरीच जवळची आहे. त्यामुळे फक्त पुढच्या चाकांवर चालणारी आणि चारही चाकांवर चालणारी, अशा दोन्ही प्रकारच्या सीआर-व्हीला कंपनीने ओढण्याची परवानगी दिली होती. मात्र त्यासाठी ठरलेला विधी पाळावा लागतो. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून गिअरची दांडी सगळ्या स्थानांतून फिरवायची, डी मध्ये पाच सेकंद थांबून न्यूट्रलला आणायची, तीन मिनिटे इंजिन चालू ठेवायचे, मग ते बंद करून किल्ली अ‍ॅक्सेसरीच्या खुणेवर ठेवायची, म्हणजे स्टिअरिंगला कुलूप लागत नाही; आणि शेवटी हँडब्रेक सोडायचा. ताशी ६५ मैलांची मर्यादा ओलांडायची नाही, आणि दिवसभरात आठ तासांहून जास्त ओढायचे असेल तर हा विधी पुन्हा करायचा. वाचायला हे लांबलचक वाटते, परंतु सवय झाल्यावर चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ याला लागत नाही. खरी कटकट बॅटरीची आहे. किल्ली अ‍ॅक्सेसरीवर राहिल्यामुळे दिवसाअखेर बॅटरी उतरू शकते, म्हणून मोटरहोमकडून बारीक प्रवाहाची एक चार्जिंग वायर ओढून घेणे मी अत्यावश्यक मानतो.

वर्षाच्या बाबतीत अजिबात सैल राहू नये. २०१५ च्या मॉडेलपासून होंडाने सीआर-व्हीमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारा) गिअरबॉक्स आणला आणि ओढण्याची परवानगी संपली. २०१४ आणि २०१५ ची गाडी शेजारी उभी केली तर अनोळखी माणसाला फारसा फरक दिसत नाही, आणि 'सीआर-व्ही चालते' एवढेच ऐकून आलेला ग्राहक थोडे पैसे जास्त देऊन नवीन वाटणारी, पण या कामाला निरुपयोगी गाडी घरी नेतो. मागे जायचे असेल तर २००७ ते २०११ ची पिढीही चालते आणि स्वस्त मिळते. मात्र ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलण्यासाठी झालेल्या मोठ्या रिकॉलमध्ये ती, तसेच त्याआधीची पिढीही होती. म्हणून गाडीचा व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेच्या (एनएचटीएसए) संकेतस्थळावर टाकून एअरबॅग बदलली आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २००२ ते २००६ च्या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर निकामी होण्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत, तेव्हा इतके मागे जाण्यात फारशी बचत उरत नाही.

आता वजन. या सीआर-व्हीचे वजन ३,३०० ते ३,५५० पौंडांच्या दरम्यान, म्हणजे साधारण १,५०० ते १,६०० किलो आहे. हा आकडा किती महत्त्वाचा आहे, ते मोटरहोमच्या बाजूने हिशेब केल्यावर समजते. फोर्डच्या एफ-५३ चासीवरच्या, व्ही-१० पेट्रोल इंजिनाच्या अनेक मोटरहोमांत वाहनाचे स्वतःचे कमाल वजन २२,००० पौंड आणि ओढलेल्या गाडीसह एकत्रित कमाल वजन २६,००० पौंड दिलेले असते. म्हणजे मोटरहोम पूर्ण भरलेली असेल, तर मागच्या गाडीसाठी ४,००० पौंड उरतात, मग मागचा हुक ५,००० पौंडांचा असला तरी. सीआर-व्ही, तिच्यावरचे जोडसाहित्य आणि आत टाकलेल्या दोन खुर्च्या या मर्यादेत बसतात. चार दारांची जीप रँग्लर बसत नाही.

रँग्लरचा उल्लेख आला आहे तर तेही सांगतो. ओढण्याच्या सोयीचा विचार केला तर तिच्या तोडीची गाडी नाही. ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाकली की गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो, इंजिन चालवून तेल फिरवण्याची गरज उरत नाही आणि आठ तासांचे बंधनही नाही. मोटरहोमांच्या मागे ती इतकी दिसते ते उगाच नाही. परंतु जुनी रँग्लरसुद्धा किंमत सोडत नाही, महामार्गावर ती खडबडीत आणि आवाजी वाटते, आणि भारतातून आलेल्या सत्तरीच्या आईवडिलांना तिच्यात चढवणे-उतरवणे हे एक कामच होऊन बसते.

स्वस्ताईच निकष असेल, तर मॅन्युअल गिअरची शेवरले स्पार्क पाहावी. पुणेकरांना ही गाडी शेवरले बीट या नावाने परिचयाची आहे, कारण जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातून ती बाहेर पडत असे; अमेरिकेत २०१३ ते २०२२ या वर्षांत विकली गेलेली स्पार्क मात्र दक्षिण कोरियात बनलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या स्पार्कचे वजन जेमतेम २,२५० पौंड आहे, त्यामुळे लहान मोटरहोमलाही ती झेपते. इथे मॅन्युअल गाडीला गिऱ्हाईक कमी असल्याने भावही उतरलेला असतो, आणि भारतात गाडी शिकलेल्या आपल्या पिढीला क्लचचे भय नाही. दोघांच्या प्रवासाला ती उत्तम आहे. नातवंडांच्या दोन खुर्च्या मागे बसवल्या की सामानाला जागा राहत नाही. २०१० ते २०१७ ची शेवरले इक्विनॉक्सही ओढता येते, पण तिच्या २.४ लिटर इंजिनाविषयी, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, तेल खाण्याच्या तक्रारी इतक्या आहेत की मी ती यादीतून काढून टाकली.

ज्यांच्या घरी चांगली चालणारी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आधीच आहे, त्यांनी नवी गाडी घेण्यापूर्वी टो डॉलीचा विचार अवश्य करावा. यात पुढची दोन चाके एका छोट्या ट्रेलरवर चढवून पट्ट्यांनी बांधतात, त्यामुळे गिअरबॉक्सचा प्रश्न सुटतो. तोटा एवढाच की पावसात ओल्या चिखलात बसून पट्ट्या आवळाव्या लागतात, आणि मुक्कामी पोचल्यावर ती डॉली ठेवायची कुठे, हा प्रश्न लहान जागांवर दर वेळी उभा राहतो.

किंमतीकडे येऊ. बऱ्या स्थितीतली २०१२ ते २०१४ ची सीआर-व्ही मैलांनुसार साधारण आठ ते तेरा हजार डॉलरांना मिळते. पण ही फक्त गाडीची किंमत झाली. पुढचा बंपर काढून आतल्या सांगाड्याला बोल्टने बसवायची, टो बार अडकवण्यासाठीची बेसप्लेट, ब्लू ऑक्स किंवा रोडमास्टर यांसारख्या कंपनीचा टो बार (दोन्ही वाहने जोडणारा दांडा), सुरक्षा साखळ्या किंवा केबल, मोटरहोमच्या दिव्यांबरोबर मागच्या गाडीचे दिवे लावणारी वायरिंग, जोडणी तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारा स्विच आणि ओढलेल्या गाडीचे ब्रेक दाबणारे स्वतंत्र यंत्र, या सगळ्याचा मजुरीसह खर्च तीन ते पाच हजार डॉलरांच्या घरात जातो. यातले ब्रेकचे यंत्र वगळून पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. मोटरहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी घडवलेले असतात, मागच्या दीड टनासाठी नाहीत. शिवाय किती वजनापासून हे यंत्र सक्तीचे, याचा नियम राज्यागणिक बदलतो आणि प्रवास राज्याच्या सीमेवर थांबत नाही. बंद इंजिनाच्या गाडीत ब्रेकचे पेडल कडक होते, हे ध्यानात ठेवूनच यंत्र निवडावे.

एका मॉडेलची बेसप्लेट दुसऱ्या मॉडेलला बसत नाही. म्हणूनच आधीपासून ओढली गेलेली, बेसप्लेट बसवलेली सीआर-व्ही विकायला दिसली तर ती पाहायला जरूर जावे, फक्त डोळे उघडे ठेवून. किल्ली अ‍ॅक्सेसरीवर असताना मैलांचा आकडा पुढे सरकत नाही, पण टायर, चाकांचे बेअरिंग आणि सस्पेन्शन मात्र तेवढेच झिजलेले असते. साठ हजार मैल दाखवणाऱ्या गाडीच्या बोनेटवर आणि पुढच्या काचेवर खड्यांचे टवके दाट असतील, तर ती त्या आकड्यापेक्षा बरीच जास्त फिरलेली आहे असे समजून भाव करावा. गिअरबॉक्सचे तेल केव्हा बदलले, याची पावती मागावी. तेल काळपट आणि करपट वासाचे असेल तर गाडी सोडून द्यावी.

एकत्र निघाल्यावर एक बंधन कायमचे मागे लागते : ही जोडणी रिव्हर्स घेता येत नाही. मागे घेतल्यास छोट्या गाडीची पुढची चाके भलत्या दिशेला वळून टो बार आणि बेसप्लेटवर ताण येतो आणि महागडे भाग वाकतात. त्यामुळे पेट्रोल पंपात शिरण्यापूर्वी बाहेर पडायची वाट सरळ दिसते आहे का, हे पाहावे लागते, आणि चुकीच्या गल्लीत शिरलोच तर उतरून, टो बारच्या पिना काढून, गाडी वेगळी करून मगच मोटरहोम मागे घ्यावी लागते. मोटरहोमचा हुक आणि गाडीची बेसप्लेट यांच्या उंचीत तीन-चार इंचांहून अधिक फरक असेल, तर तो भरून काढणारा खाली उतरता अडॅप्टर आधीच घ्यावा, कारण तिरका टो बार ब्रेक लावताना मागच्या गाडीला वर किंवा खाली रेटतो.