जिनिंगचा सीझन आणि टेबलावरचा दिवा: दोन हिवाळ्यांनंतर

दर हिवाळ्यात येणाऱ्या उदासीवर डॉक्टरांनी मला लख्ख उजेडाच्या दिव्यापुढं बसायला सांगितलं, त्याचा हा अनुभव. हिंगणघाटजवळच्या एका गावात राहतो, कापसातून सरकी वेगळी करायच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. कापसाचा सीझन दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. तेवढे महिने सकाळी सव्वासहाला कानटोपी घालून गाडी काढायची, सात ते सात ड्युटी करायची. ऑफिस म्हणजे काट्याच्या मागची बिनखिडकीची खोली, एक ट्यूबलाइट आणि टेबलावर सरकीची धूळ. डिसेंबरअखेर इकडे सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. त्यामुळे ज्या विदर्भात उन्हानं माणूस भाजून निघतो, तिथं राहून मला ऊन दिसायचं ते फक्त सुट्टीच्या बुधवारी.

पाच-सहा हिवाळे एकाच चालीनं गेले. दहा तास झोपूनही अंग उठत नसे. जेवणात दोन पोळ्या जास्त, वर गुळाचा खडा. संक्रांतीपर्यंत पॅन्ट कमरेत घट्ट. बेरजा चुकायच्या, कोणाचा फोन आला तर वाजू द्यायचो. होळी झाली की आपोआप माणसांत यायचो, म्हणून कधी दवाखान्यात गेलो नाही. आणि आपल्याकडं उदास वाटतं म्हटलं की समोरचा आधी कर्ज किती ते विचारतो. माझ्यावर कर्ज नाही. मग तुले काय झालं बाप्पा, असं म्हणून विषय संपतो.

शेवटी बायकोनं मागच्या वर्षी वर्ध्याला मानसोपचार तज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतलं. मग एक प्रश्न विचारला, तो तेव्हा विचित्र वाटला होता: कधी चार-चार दिवस न झोपता अंगात भलताच जोर, खर्चाला धरबंध नाही, असं झालंय का? कारण बायपोलर आजार (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं) असेल तर उपाय म्हणून द्यायचा उजेडाचा दिवा मूड उलट जास्तच चढवू शकतो. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत, तेही विचारलं. काही औषधांनी डोळ्यांना आणि कातडीला उजेड सोसत नाही.

माझ्या आजाराचं नाव सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ठरावीक ऋतूत येणारी उदासी. तो नॉर्मन रोझेन्थल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८४ साली मांडला. रोझेन्थल स्वतः जोहान्सबर्गच्या उन्हातून तिकडं गेले होते आणि हिवाळ्यात त्यांनाच तो जाणवला होता. उत्तरेकडच्या लहान दिवसांच्या देशांत तो जास्त. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, आपण तर नागपूरच्या शेजारी! ते म्हणाले, "तुमच्या त्या खोलीत नॉर्वे आहे."

आता दिव्याबद्दल. पहिला दिवा ऑनलाइन घेतला तो फसला. डब्यावर १०,००० लक्स (उजेड मोजायचं माप) लिहिलेलं, पण किती अंतरावर ते कुठंच नव्हतं. नाक टेकवलं तर तेवढे मिळत असतील. हातभर लांब बसलो तर मोबाइलचं उजेड मोजायचं ॲप दोन हजारही दाखवेना. ॲपचा आकडा नेमका नसतो हे मान्य, पण इतकी तफावत? परत पाठवायला आठ दिवसांची चिठ्ठीचपाटी झाली. दुसरा घेताना दोनच गोष्टी पाहिल्या: अंतर लिहिलंय का आणि अतिनील किरण गाळलेत का. चार हजारांच्या वर गेला. थाळीएवढा पांढरा पडदा, ३६ वॉट. रोज अर्धा तास लावला तर महिन्याला अर्धा युनिट जेमतेम.

वापरायची रीत सोपी आहे. पावणेसहाला चहा घेऊन दिव्यापुढं बसायचं, हातभर अंतरावर, उघड्या डोळ्यांनी, पण थेट दिव्यात न बघता. मी पेपर वाचतो किंवा कालची काटापावती जुळवतो. १०,००० लक्सला अर्धा तास लागतो, २,५०० चा दिवा असेल तर दोन तास. सकाळी दोन तास कोणाजवळ आहेत?

आई पहिल्या दिवशी दारात उभी राहून बघत राहिली. "काहून रे, बाहेर थोड्या वेळात सूर्य निघते अन् तू लाइटपुढं बसून रायला? कावीळ झालेल्या पोरावानी?" तिला वाटलं, नवजात बाळांना निळ्या उजेडाखाली ठेवतात तसलंच काहीतरी. ते वेगळं आहे. इथं कातडीचा संबंध नाही, उजेड डोळ्यांतून जातो आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस उगवल्याचं सांगतो. त्यामुळं यातून व्हिटॅमिन डी मिळत नाही, ते मिळेल या आशेनं घेऊ नका.

पहिले चार दिवस डोकं दुखलं. दिवा थोडा बाजूला, तिरका ठेवला, ते थांबलं. दहाव्या दिवसाच्या आसपास गजर व्हायच्या आधी जाग आली, आणि मी पुन्हा गोधडीत शिरलो नाही. गुळाचा डबा महिनाभरानं सुटला. मन खुश वगैरे झालं असं म्हणणार नाही. ओझं कमी झालं, बस. जानेवारीत साळ्याच्या लग्नात पाच दिवस दिवा लावला नाही, तर परत आल्यावर दोन दिवस पुन्हा जड गेले. एकदा रात्री आठला लावून बसलो, सकाळी चुकलं म्हणून. त्या रात्री दोन वाजेपर्यंत छताचे पत्रे मोजले.

लाइट जाण्याचं काय, असं विचाराल. पहाटे गेली तर गेली. इन्व्हर्टरवर चालतो, पण आमचा इन्व्हर्टर आईच्या पंख्याला आणि पोरांच्या अभ्यासाला. असे महिन्यातले तीन-चार दिवस धरून चाला.

आईचं म्हणणं मात्र अर्धं खरं निघालं. उघड्यावर हिवाळ्यातही भर उन्हात लक्ष लक्सच्या घरात उजेड असतो, सावलीतही दहा-वीस हजार, आणि माझ्या ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे. डॉक्टरांनी डबा बाहेर खायला सांगितला. आता अंगणात, कापसाच्या गाड्या रिकाम्या होतात तिथं बाजूला खुर्ची टाकून जेवतो. रुई उडते, ती भाकरीवर बसते. बुधवारी दिवा बंद, अंगणात पूर्वेकडं तोंड करून चहा. ज्याचं काम शेतात, त्यानं पैसे घालू नयेत. ज्याचं काम माझ्यासारखं कोंडलेलं, त्यानं विचार करावा. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करून दिवा आणू नका. जगणंच नको वाटत असेल तर दिव्याची वाट बघू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

यंदा ऑक्टोबरातच काढला. दिवा ठीक आहे, स्टँडचा स्क्रू मात्र ढिला झाला, खाली वहीच्या पुठ्ठ्याची घडी लावलीय.