15 वर्षं जुनी सात सीटर, 14 महिने घरच्या घरी: रेडिएटर कॅप, ऑइलची पन्हळ आणि 38,400 चं एस्टिमेट

गाडी 2009 च्या दसऱ्याची. सात सीटर, डिझेल, मागे समोरासमोर बाकडी. कळणाऱ्याला एवढ्यावर कळेल. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तिचे चाहते आणि वैरी दोघेही बाह्या सरसावतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. मूळ मुद्दा रेडिएटरच्या कॅपचा आहे. आणि ऑइल फिल्टरचा, पण त्याच्याकडे सावकाश येतो, ते माझं जुनं वैर आहे.

मे 2024. पुण्याहून साताऱ्याला येत होतो, गाडीत आई, बायको, दोन पोरं आणि आंब्याच्या तीन पेट्या. पारगाव-खंडाळा सोडून खंबाटकी चढायला लागलो, पुढे ट्रकांची रांग, एसी चालू. तापमानाचा काटा 15 वर्षं मधल्या रेघेवर झोपलेला असायचा, तो उठला आणि थेट लालपाशी गेला. एसी बंद केला आणि हीटर फुल्ल सोडला. हीटरसुद्धा एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनातली तेवढी उष्णता तो आत ओढतो. काटा थोडा खाली आला, पण मे महिन्यात पाच माणसं हीटर खात घाट चढली. आई म्हणाली, "एसटीनं आलो असतो तर खिडकी तरी मिळाली असती."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप. गाडी अर्धा तास आत राहिली आणि बाहेर कागद आला: रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, फॅन क्लच नवा, हेड गॅस्केट 'उघडल्यावर बघू'. एकूण 38,400. त्यात 'कन्झ्युमेबल्स 340' अशीही एक ओळ होती. ते काय, असं विचारलं तर ॲडव्हायझर म्हणाला, "सर, कापूस वगैरे." 340 रुपयांच्या कापसात आमच्याकडे एक गादी भरून होईल. गाडी तशीच परत आणली.

पहाटे गार इंजिनाचं बॉनेट उघडलं आणि सगळं समोरच होतं. रेडिएटरचा वरचा जाड पाइप चोखून संपवलेल्या पेप्सीकोल्यासारखा चपटा झाला होता. कॅपला दोन झडपा असतात. एक दाब वाढला की कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बाटलीत सोडते, दुसरी इंजिन गार होताना तेच कुलंट परत आत घेते. ही दुसरी अडकली की आत पोकळी होते आणि पाइप आत ओढला जातो. पहिलीची स्प्रिंग ढिली पडली की दाब धरत नाही. कॅपवर 1.1 छापलेलं असतं, म्हणजे 1.1 बार. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. दाबच नसेल तर शंभरीतच बुडबुडे. आमच्या कॅपचं रबर बोटानं सोललं जात होतं. नवी कॅप 280 रुपये. (गरम गाडीची कॅप कधीही उघडू नका. शेजारच्या काकांचा हात आठवतो.)

फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरच्या पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडणारा भाग, तपासायला एक पैसा लागत नाही. इंजिन गरम असताना बंद करायचं आणि पंखा हातानं फिरवायचा. गरगर फिरत राहिला तर क्लच गेला. आमचा अर्ध्या फेरीत थांबला.

या उत्साहात गाडीचे बिघाड मोबाइलवर दाखवणारा 700 रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. लावला, मोबाइल जोडला, ॲप गोल गोल फिरत बसलं. असा स्कॅनर ज्याच्याशी बोलतो ते ओबीडी-2, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवायची यंत्रणा, आपल्याकडे एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं, हे मी पैसे भरल्यावर वाचलं. मग कोविडातली ताप मोजायची गन रेडिएटरवर धरली. स्क्रीनवर नुसतं 'हाय' आलं. माझ्याही तोंडून तेच निघालं.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर वर्कशॉपवाले चोर ठरले असते. पण ऑक्टोबर हीटमध्ये काटा पुन्हा मधल्या रेघेच्या वर सरकला, लालपाशी नाही, पण सरकला. पुढची जाळी काढली. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत 15 वर्षांचा चिखल, किडे आणि उसाचं पाचट यांचं एक घोंगडंच विणलं गेलं होतं. म्हणजे रेडिएटरवर त्यांचं बोट बरोबर होतं, फक्त बदलायची गरज नव्हती. बागेच्या पाइपनं, इंजिनच्या बाजूनं पुढे, हलक्या धारेनं धुतला. प्रेशर वॉशर मारू नका, पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात. दोन बादल्या गाळ निघाला. यंदाच्या मेमध्ये तोच घाट एसी लावून चढलो, आई मागे झोपली होती.

आता ऑइल फिल्टर. ज्या कुणी तो तिथे बसवला त्यानं आयुष्यात स्वतः ऑइल बदललेलं नसणार. फिल्टर आडवा, त्याच्या बरोबर खाली क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी. सैल केला की पाव लिटर काळं ऑइल क्रॉसमेंबरच्या खोबणीत शिरतं आणि पुढचे तीन दिवस थेंब थेंब अंगणात पडतं. नेमकं आईच्या रांगोळीच्या जागेवर. पहिल्या वेळी वर्तमानपत्र कोंबलं, ते भिजून गळलं. दुसऱ्या वेळी प्लास्टिकची पिशवी, ती फिल्टरबरोबर फिरली आणि फाटली. तिसऱ्या वेळी ऑइलचाच रिकामा पाच लिटरचा कॅन उभा कापून पन्हळ केली, एक टोक फिल्टरखाली, दुसरं परातीत. जमलं. 14 महिन्यांत या गाडीनं मला दिलेला सगळ्यात मोठा आनंद हाच, याची थोडी लाजही वाटते.

बाकी पुढचे ब्रेक पॅड, लिंक रॉड, डिझेल फिल्टर हे सगळं घरीच केलं. डिझेलचा फिल्टर बदलल्यावर हवा धरली होती, हातपंपानं निघाली. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायच्या, 1,800 ला जोडी मिळाली. गिअरचा क्लच आणि डिझेलचा पंप मात्र मिस्त्रीकडेच. सप्टेंबरमध्ये पंधरा वर्षं भरली, आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतली, फी 5,000. आरटीओत इन्स्पेक्टरनं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ऑइल गळतंय का?" इंजिन गळत नव्हतं, ऑइल बदलायची ती दुसरी वेळ होती, फाटलेल्या पिशवीची.

हत्यारं, घोड्या, वाया गेलेला स्कॅनर धरून एकूण 21,300 गेले. कापूस आईच्या जुन्या लुगड्याचा, फुकट.

पुढचं ऑइल दसऱ्याला. पन्हळ या वेळी चार बोटं लांब कापणार आहे, डावीकडून अजून एक थेंब चुकतोच.