तीन डबे, एक खताची बादली आणि नऊ महिने

गेल्या जूनमध्ये घरी कचऱ्याचे तीन डबे आणले आणि बाल्कनीत कंपोस्टचा संच मांडला. आता मार्च चालू आहे. आठवडाभर वापरून लिहिलेल्या अभिप्रायांवर माझा भरवसा नाही. पहिल्या आठवड्यात कंपोस्ट कुणाचंही छानच चालतं. म्हणून इतके दिवस थांबले.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. सात मजली इमारत, आम्ही पाचव्यावर. घरात चार माणसं: आम्ही दोघं, बारावीतला मुलगा आणि सासरे. ओला-सुका आधीही वेगळा करायचो, पण दुधाची पिशवी कुठल्या डब्यात यावर रोज नवा निकाल लागायचा. शिवाय माझी आत्या फुरसुंगीला असते. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला. वारा फिरला की अंगणातली पंगत उचलून आत न्यायची, हे मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे ‘खाली नेऊन दिला की झालं’ हे मला कधी पटलं नाही.

डब्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा आणि औषधं-पॅडसारख्या कचऱ्याचा लहान लाल. पायाने उघडायचं झाकण तिसऱ्या महिन्यात मोडलं, आता हातानेच उघडतो. साधा पंधरा लिटरचा डबा आणला असता तरी चाललं असतं.

कंपोस्टचा संच म्हणजे एकावर एक बसणाऱ्या दोन बादल्या, खालच्या बादलीला तोटी, सोबत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाची पिशवी. ऑनलाइन २,९०० रुपयांना पडला. खोक्यावर ‘दुर्गंधी नाही, किडे नाहीत’ असं ठळक छापलेलं होतं. दोन्ही खोटं. सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत होता आणि त्यात पावसाळा हा शब्दच नव्हता.

माझी पहिली चूक म्हणजे जूनमध्ये सुरुवात करणं. आपल्या स्वयंपाकघरातला कचरा मुळातच पाणीदार: टोमॅटो, काकडीची सालं, चहाचा चोथा, दुधीचा गाभा. त्यात बाहेर हवा दमट. दोन आठवड्यांत बादलीत चिखल झाला आणि आंबूस वास सुटला. वास येतो तो हवा न मिळाल्यामुळे. ओल्याच्या बरोबरीने कोरडं पडलं नाही की आतलं सगळं घट्ट बसतं आणि कुजण्याऐवजी सडतं. सूचनांमध्ये ‘मूठभर कोकोपीट’ लिहिलं होतं, मला दर थराला तीन-चार मुठी लागल्या. पुढे कोकोपीट परवडेना म्हणून सोसायटीच्या आवारातला बदामाचा पाला गोण भरून वाळवून ठेवला. तो फुकट आणि जास्त चांगला.

जुलैत अळ्या झाल्या. राखाडी, जाडसर, चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या. मी झाकण टाकून स्वयंपाकघरात येऊन बसले. सासरे शांतपणे बघून आले आणि म्हणाले, “अगं, आमच्या उकिरड्यात हेच असायचं. फक्त त्याला कुणी दोन हजार नऊशे मोजले नव्हते.” नंतर कळलं की त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या. त्या चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत, उलट खरकटं भराभर संपवतात. खाऊन झालं की स्वतःच बादलीबाहेर निघतात, आणि अडचण नेमकी तिथे आहे. एक दिवाणखान्यात पोचली होती. तेव्हापासून झाकणाच्या कडेला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळते.

ऑगस्टनंतर जमलं. आता एक बादली भरायला महिना लागतो, भरल्यावर नुसती झाकून ठेवायची, तोवर दुसरी भरायची. सामानाच्या काट्यावर एकदा आठवडाभराचा ओला कचरा तोलला, सहा किलोच्या आसपास भरला. तो सगळा आता घराबाहेर जात नाही. अपवाद आहेत: शहाळी, करवंट्या, मटणाची हाडं, आणि लिंबाची सालं एका मर्यादेपलीकडे. आंब्याच्या कोयींचं काय करायचं ते मे महिन्यात बघू. खत मात्र फर्स्टक्लास, मातीचा वास येतो. कढीपत्त्याचं झाड पाच वर्षांत पहिल्यांदा वाढलं.

कंपोस्टला पाचपैकी चार.

खरा मनस्ताप निळ्या डब्याने दिला. एका सकाळी दूध आणायला दार उघडलं तर सफाईवाले दादा आमचे डबे रिकामे करत होते. हिरवा ड्रममध्ये, निळा त्याच ड्रममध्ये, आणि लाल डब्यातली पुडीही त्यातच. मी दह्याचे कप धुऊन, पालथे घालून, वाळवून ठेवत होते! मुलगा म्हणाला, “आई, तू कचऱ्याला आंघोळ घालतेस फक्त.”

दादांवर चिडण्यात अर्थ नव्हता. विचारलं तर म्हणाले, “मॅडम, लिफ्टमधून कचरा न्यायचा नाही असा नियम आहे. सात मजले जिन्याने उतरायचं, दोन ड्रम कसे आणू?” नियम आमच्याच सोसायटीचा, सात-आठ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तक्रारीवरून केलेला. म्हणजे आम्ही घरोघरी वेगळा केलेला कचरा लिफ्टला वास लागू नये म्हणून एकत्र होत होता, आणि खाली कचरा वेचणाऱ्या मावशी तो पुन्हा हाताने निवडत होत्या. हा नियम बदलायला चार महिने गेले. दोन बैठका गणसंख्येअभावी तहकूब, ग्रुपवर मात्र दीडशे मेसेज. शेवटी सकाळी सात ते आठ लिफ्ट कचऱ्यासाठी मोकळी ठेवायची आणि दोन झाकणाचे ड्रम घ्यायचे ठरलं. दोन ड्रमांची किंमत एका बैठकीच्या चहा-समोशांहून थोडीशीच जास्त होती.

मावशींबद्दल. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यामुळे या शहरात सुका कचरा निवडणारी बाई कुठेतरी लांब नसते, रोज आपल्या फाटकाशी असते. तरी मी नऊ वर्षांत त्यांच्याशी ‘बरं का मावशी’ पलीकडे बोलले नव्हते. ऑक्टोबरात एकदा माझी निळी पिशवी त्यांच्यापुढे ओतली आणि विचारलं, यातलं विकतं काय?

त्यांनी पाच मिनिटांत दोन ढीग केले. पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, वर्तमानपत्र, पत्र्याचा डबा एकीकडे. दुसरीकडे वेफर्सची पाकिटं, बिस्किटांची वेष्टनं, कागदी कप, थर्माकोल, टेप चिकटलेली फुगेवाली पिशवी. दुसरा ढीग मोठा होता.

“हे तुमी धुऊन देता ते बरं हाय ताई,” त्या म्हणाल्या, “पन ह्याला घेतंय कोन?”

माझ्या मते सगळा घोटाळा ‘सुका’ या शब्दात आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. पण सुका म्हणजे पुन्हा वापरात जाणारा, हे आपण मनाने धरून चाललोय. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. थर्माकोल म्हणजे बहुतेक हवाच. पोतंभर नेलं तरी काट्यावर काही भरत नाही. ज्यूसच्या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम तिन्ही. दुकानाची गुळगुळीत बिलं रद्दीत टाकू नका, तो उष्णतेवर छापणारा रसायन लावलेला कागद असतो. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर तो.

त्या दिवसापासून मी निळा डबा नियमाप्रमाणे नाही, मावशींच्या ढिगाप्रमाणे भरते. वेफर्सची पाकिटं धुणं बंद केलं. पाणी तरी वाचलं. दुधाची पिशवी मात्र धुते, आणि कोपरा पूर्ण कापत नाही, लोंबता ठेवते. तो सुटा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पुठ्ठ्याची टेप घरीच काढते. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढते, म्हणजे ती पुडी कुणी उघडणार नाही.

खरेदीही थोडी बदलली, पण बढाई मारण्याइतकी नाही. पोरगा अभ्यासाच्या नावाखाली वेफर्स खातो आणि मी पाकिटं मोजते, एवढंच.

निळ्या डब्याला पाचपैकी दोन. ड्रम वेगळे झाले म्हणून दोन, नाहीतर एक.

लाल डब्याला गुण देत नाही, कारण त्यातल्या एका गोष्टीचं अजून काही जमलेलं नाही. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. एका बाजूला प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा पापुद्रा. मावशी घेत नाहीत, भंगारवाला हसला, औषधाच्या दुकानदाराने हात जोडले. सासऱ्यांना टाकवत नाहीत म्हणून ते महिन्याच्या महिन्याला रबरबँड लावून गठ्ठा करतात आणि वर तारीख लिहितात. टीव्हीच्या कपाटात नऊ गठ्ठे झालेत. पुण्यात कुणी घेत असेल तर सांगा, मी स्वतः आणून देईन.