कर्करोगाच्या बायोमार्करसाठी संवेदक: नॅनोट्यूब, ग्राफीन की कार्बन डॉट?

कर्करोगाचे रक्तातील बायोमार्कर (रोगाची चाहूल देणारे रेणू) लवकर टिपणारा संवेदक बनवायचे ठरले की पदार्थाची निवड बहुधा शोधमर्यादेचे (टिपता येणाऱ्या किमान प्रमाणाचे) आकडे पाहून केली जाते. परंतु हे आकडे अनेकदा स्वच्छ बफर द्रावणात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणात) मिळवलेले असतात. रक्तद्रवात एकट्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण मिलिलिटरमागे 35 ते 50 मिलिग्रॅम असते, तर प्रोस्टेटच्या पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) चाचणीतील रूढ सीमा 4 नॅनोग्रॅम आहे. म्हणजे नको असलेले प्रथिन सुमारे एक कोटी पटीने जास्त, आणि कार्बनच्या पृष्ठभागावर तेही सहज चिकटते. त्यामुळे रक्तद्रवात न तपासलेला आकडा निवडीसाठी मी तरी धरणार नाही.

एकपदरी नॅनोट्यूब (कार्बनच्या एकाच थराच्या अतिसूक्ष्म नळ्या) तयार होतात तेव्हा त्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वागतात, त्यामुळे ट्रान्झिस्टर-संवेदकासाठी (बायोमार्कर चिकटला की त्यातील प्रवाह बदलतो) त्या वेगळ्या काढाव्या लागतात आणि हे काम किचकट असते. मात्र अर्धवाहक नॅनोट्यूबची चमक (प्रकाश टाकल्यावर त्या देतात तो प्रकाश) निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडच्या पट्ट्यात येते, जिथे ऊती प्रकाश कमी अडवतात, आणि सतत प्रकाश टाकूनही ती सहसा मावळत नाही. शरीराच्या आत मापन करायचे असेल, तर माझा कौल नॅनोट्यूबलाच आहे.

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकच थर, त्यामुळे त्याचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर असतो, हे त्याचे मोठे बळ. तरीही ग्राफीन ट्रान्झिस्टरची वाट सोपी नाही: पट्टअंतर (प्रवाह बंद करू देणारी ऊर्जेची फट) शून्य असल्याने प्रवाह पूर्ण बंद होत नाही, शिवाय रक्तातील क्षारांमुळे विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम एका नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो, तर बायोमार्करला पकडणाऱ्या प्रतिपिंडाची लांबी सुमारे दहा नॅनोमीटर असते. (ही दुसरी अडचण नॅनोट्यूबच्या ट्रान्झिस्टरलाही चुकत नाही.) नमुना पातळ करणे किंवा प्रतिपिंडाऐवजी आखूड ॲप्टामर (ठरावीक रेणू पकडणारा डीएनए किंवा आरएनएचा तुकडा) वापरणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

कार्बन डॉट (कार्बनचे नॅनोमीटर आकाराचे, चमकणारे कण) सायट्रिक आम्लापासूनही बनतात आणि स्वस्त पडतात. पण त्यांपैकी अनेकांची चमक निळी असते आणि रक्तद्रवाची स्वतःची चमकही त्याच भागात येते.

रक्ताच्या नमुन्यावर काम सुरू करणाऱ्या प्रयोगशाळेने क्षपित ग्राफीन ऑक्साइडचा (ज्यातील बराचसा ऑक्सिजन काढून टाकला आहे अशा ग्राफीन ऑक्साइडचा) लेप दिलेले इलेक्ट्रोड घेऊन विद्युतरासायनिक मापन करावे, असे माझे मत आहे. त्यावर उरलेले ऑक्सिजनयुक्त गट प्रतिपिंड जोडायला उपयोगी पडतात; मात्र प्रत्येक खेपेतील ऑक्सिजनचे प्रमाण बदलते, म्हणून ते दर वेळी तपासावे लागते. प्रोस्टेटच्या साध्या (कर्करोग नसलेल्या) वाढीतही पीएसए वाढत असल्याने एकाच बायोमार्करवर विसंबणे धोक्याचे ठरते, आणि एका पट्टीवर अनेक इलेक्ट्रोड छापून वेगवेगळे बायोमार्कर एकत्र मोजणे याच मार्गाने तुलनेने सोपे जाते.