चिकणमाती की जलरंग? कलोपचाराच्या सत्रासाठी साहित्य निवडताना

कलोपचार म्हणजे कलाकृती घडवत मनावर केलेला उपचार. त्यासाठी राग, ताण, घट्ट आवळलेले खांदे घेऊन आलेल्या व्यक्तीसमोर आधी माती ठेवावी. माती हाताला विरोध करते. दाबणे, आपटणे, पिळणे यांत शरीराला काम मिळते आणि बिघडलेला आकार मोडून पुन्हा करता येतो. साधारण अर्धा किलो गोळा, लाकडी फळी आणि वाटीत अगदी थोडे पाणी पुरते. पाणी जास्त झाले की गोळ्याचा चिखल होतो, आकार धरत नाही आणि आधीच अस्वस्थ असलेली व्यक्ती आणखी विस्कटते. शारीरिक अत्याचार सोसलेल्यांना ओलसर स्पर्शच नकोसा होऊ शकतो. त्यांना लाकडी कोरणी द्यावी, हात घालण्याचा आग्रह मुळीच नको.

जलरंगांचे बळ उलट दिशेचे. भावना गोठलेल्या, शब्द न सापडणाऱ्या व्यक्तीला त्यांचे वाहणे मोकळे करते. पण हा ओघ आवरणे कठीण! म्हणून भावनेच्या पुरात असलेल्या माणसाला पहिल्याच सत्रात जलरंग देणे आम्हाला चूक वाटते. द्यायचेच असतील तर आधी मेणाच्या खडूने चौकट आखून घ्यावी. मेण पाणी अडवते. रंग दोन-तीनच ठेवावेत, नाहीतर सगळे मिसळून मळकट होतात आणि ‘मला काहीच जमत नाही’ ही भावना बळावते. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) हवा, पातळ कागद ओला होऊन फुगतो.

शेवटची दहा मिनिटे दोन्हींत राखून ठेवावीत: हात धुणे, कलाकृतीकडे लांबून पाहणे, बोलावेसे वाटले तरच बोलणे. अर्थ थेरपिस्टने सांगू नये.