दुर्मिळ विभागाचं कार्ड: पावसाळ्यापासून वापरतोय, आणि शार्पनरचं काहीतरी करा राव!

परवा डोकं फिरलं म्हणून लिहितोय. दक्षिण मुंबईतलं एक संशोधन ग्रंथालय, नाव नाही घेत. ठाण्याचा जुना इतिहास शोधायला तिथल्या दुर्मिळ पुस्तकांच्या विभागाचं कार्ड काढलंय. फोन करून विचारलं तर म्हणाले खंड आहे, ठाण्याहून फास्टमध्ये लटकत गेलो, स्लिप भरली, तर म्हणे बाइंडिंगला गेलाय. कधी येईल? "येईल की."

कार्डासाठी शिफारसपत्र, डिपॉझिट वगैरे लागतं, ते सोडा. खरा वैताग पेन्सिलचा. आत पेन चालत नाही, बरोबरच आहे, शाई सांडली तर कागद गेला. पण स्वतःचा शार्पनर पण चालत नाही! त्यांचा काउंटरवर सुतळीने बांधलेला, ब्लेड इतकं बोथट की टोक यायच्या आधी शिसच मोडतं. शिसं ढकलणारी पेन-पेन्सिल नेली तर दिसायला पेनासारखी म्हणून गेटवरच ठेवून घेतली. आता घरूनच टोकं काढलेल्या नटराज नेतो आणि सगळं हाताने उतरवतो, कारण फोटोला पानामागे पैसे आहेत आणि ते मी देणार नाही.

आधी वाटायचं, १८८२ चं ठाणे गॅझेटियर (इंग्रजांनी काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) नेटवर फुकट आहे, मग हा उपद्व्याप कशाला. आता नाही वाटत. जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये घडीचे नकाशे बरेचदा न उघडताच स्कॅन केलेले असतात. इथे साष्टीचा, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे त्याचा, एक नकाशा टेबलभर पसरून मिळाला, मागे कापड चिकटवलेलं, घडी नेमकी खाडीवर आल्यामुळे तिथली शाई उडालेली, पण मिठागरं आणि किल्ला स्पष्ट. किल्ला म्हणजे आपलं ठाण्याचं सेंट्रल जेल. पोर्तुगीजांचं बांधकाम चालू असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले, खिडकीखाली घोडेवाला गाण्यातून निरोप द्यायचा असं सांगतात. रोज त्या भिंतीवरून रिक्षाने जातो आणि आपल्याला काही पत्ता नाही!

नवीन जाणाऱ्यांनी ग्रंथालयाच्या सूचीत नुसतं ठाणे शोधू नका, साष्टी आणि उत्तर कोकण पण टाका, निम्मे कागद तिथे सापडतात. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस आधी गाठा. छापील मराठी पुस्तकांसाठी मुंबई गाठायच्या आधी आपलं ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय बघा, १८९३ पासूनचं आहे आणि लोकलचं भाडं वाचतं.

डिपॉझिट परत मागणार होतो, सध्या थांबलोय. तो खंड येऊ दे, मग बघू.