म्युझे दॉर्से, पॅरिस : बाबांसोबत एक दिवस

बाबांचा कोल्हापुरात तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे चित्र दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, हुबेहूब आलंय का? त्यांना घेऊन इथे गेलो होतो. जुन्या रेल्वे स्टेशनचं १९८६ साली केलेलं हे कलेचं म्युझियम, बिल्डिंग सुंदरच आहे पण त्यावर सगळेच लिहितात.

आधी कायबोत या फ्रेंच चित्रकाराचं १८७५ चं चित्र बघितलं. तीन कामगार गुडघ्यावर बसून लाकडी जमीन तासतायत, समोरच्या खिडकीतला उजेड त्यांच्या उघड्या पाठींवर आणि फळ्यांवर पडलाय, खाली लाकडाच्या वळलेल्या साली, उजवीकडे दारूची बाटली आणि ग्लास. बाबा तिथून हलेचनात, म्हणाले असा बॅकलाइट मिळवायला आमचा जीव जायचा रे. त्या काळी सालोनने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, हे चित्र नाकारलं होतं!

फोटो आला आणि हुबेहूब चित्रांचं काम संपलं असं सरसकट म्हणतात ना, मला ते अजिबात पटत नाही. डागेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, १८३९ ची, कायबोत त्यानंतर ३६ वर्षांनी एवढं काटेकोर काढतोय आणि ते बघताना त्या माणसांची पाठदुखी आपल्याला जाणवते. आणि हुबेहूबपणापेक्षा उजेडाचा, क्षणाचा भास रंगवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन १८७४ ला भरलं तेही नादार या फोटोग्राफरच्याच जुन्या स्टुडिओत.

मग व्हॅन गॉगने काढलेलं ओव्हेरचं चर्च, १८९० चं. ओव्हेर म्हणजे पॅरिसजवळचं गाव, तिथेच त्याची कबर आहे. आदल्या दिवशीच आम्ही त्या गावी जाऊन आलो होतो आणि बाबांनी त्याच अँगलने मोबाईलवर फोटो काढला होता, भिंती एकदम सरळ. चित्रात छप्पर लाटेसारखं वळलंय, आभाळ गडद निळं, वाटेला दोन फाटे फुटलेत, समोर ऊन आणि चर्च मात्र स्वतःच्याच सावलीत. बाबा कितीतरी वेळ एकदा फोन एकदा चित्र असं बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "काल त्याच्या कबरीपाशी पोटात कालवलं होतं बघ, ते माझ्या फोटोत नाही आलं, ह्याच्यात आहे."

माझ्याकडून ५ पैकी ५. सोमवारी बंद असतं, गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं, तिकीट ऑनलाइनच काढा. आणि त्या चर्चकडे थोडं बाजूनेही बघा, रंगाचे जाड फटकारे तेव्हाच नीट दिसतात.